शेगडीच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो आधी काढा

गेल्या वर्षी रिकॉलच्या, म्हणजे कंपनीने दोष मान्य करून दुरुस्त करून देण्याच्या, कामासाठी आम्ही आमचा राहायचा ट्रेलर साठ मैल ओढत नेला आणि काम न होता साठ मैल परत आणला. सेवाकेंद्राच्या काउंटरवरच्या बाईंनी इलेक्ट्रिक फायरप्लेसचा सिरियल नंबर विचारला. माझ्याकडे गाडीचे सगळे कागद होते, विम्याचे होते, आधीच्या मालकाने दिलेली मॅन्युअलची पिशवीही होती. तो एक नंबर तेवढा नव्हता. तो छापलेला असतो फायरप्लेसच्या पाठीवर, आणि पाठ असते भिंतीत. म्हणून अमेरिकेत सेकंड-हँड आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, घेतलेल्यांनी आणि यंदा घेणाऱ्यांनी बाकी काही नाही केलं तरी चालेल, पण त्या लेबलचा फोटो आजच काढा.

सासूबाई या फायरप्लेसला शेगडी म्हणतात, मीही तेच म्हणते. पुढच्या काचेतल्या ज्वाळा म्हणजे नुसते दिवे. ऊब देतो तो आतला १५०० वॉटचा हीटर आणि पंखा.

फोटो काढण्याआधी वीज तोडा. नुसता रिमोट बंद करून भागत नाही. बाहेरच्या विजेच्या खांबाची केबल काढा, जनरेटर बंद, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. मग पुढची काच किंवा चौकट काढा, बाजूचे स्क्रू सोडा आणि शेगडी हळूच पुढे ओढा. वायर ताणू नका. लेबलचे तीन फोटो काढा: एक लांबून, एक जवळून, एक टॉर्च तिरका धरून, कारण चंदेरी लेबलावर फ्लॅश मारला की नेमका नंबरच पांढरा होतो. मॉडेल नंबर, सिरियल नंबर, बनवल्याची तारीख, तिन्ही वाचता आले पाहिजेत. तिथेच उकिडवं बसून मोठा करून बघा. शेगडी परत भिंतीत बसवल्यावर ८ आहे की बी आहे हा वाद नवऱ्याशी घालण्यात अर्थ नाही. आम्ही घातलाय.

आत हात गेलाच आहे तर प्लग आणि त्यामागचं सॉकेटही बघून घ्या. तपकिरी डाग, वितळलेली कड, पिवळट पडलेलं प्लास्टिक दिसलं तर त्याचाही फोटो, आणि शेगडी परत चालू करायची नाही. आमच्याकडे पहिली चाहूल वासाची लागली. ऑक्टोबरातली रात्र, शेगडी दोन तास चालू. सासूबाई म्हणाल्या, "शेजारच्या गाडीत कुणी बोंबील भाजतंय का गं?" बाहेर जाऊन बघितलं, शेजारच्या गाडीत कुणी नव्हतंच. वायरींचं प्लास्टिक तापलं की बऱ्याचदा असा मासळीसारखा वास येतो, हे मला नंतर कळलं. प्लगची एक पट्टी काळी पडली होती.

आणि ब्रेकर पडला नव्हता! हे नीट समजून घ्या, कारण "ब्रेकर आहे की" म्हणून सगळे निवांत असतात. १२० व्होल्टवर १५०० वॉट म्हणजे साडेबारा अँपिअर. १५ अँपिअरच्या ब्रेकरला त्यात वावगं काही दिसत नाही. सांधा सैल असला की नेहमीच्याच करंटने तो सांधा तापत जातो, आणि ब्रेकरला त्याचा पत्ताही नसतो. घरातली वायरिंग निदान एका जागी असते. ट्रेलर हायवेवर मैलोन् मैल हादरे खातो, वर शेगडी तासन् तास चालते.

आता गाडीचा व्हिन, म्हणजे तिचा ओळख क्रमांक. सतरा अक्षरं-आकडे, पुढच्या भागात डाव्या बाजूला बाहेरून लावलेल्या लेबलावर सापडतील. एनएचटीएसएच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या वाहन-सुरक्षा खात्याच्या, संकेतस्थळावर टाका. हे मीही केलं होतं. उत्तर आलं, एकही रिकॉल बाकी नाही. मी निवांत झाले, चहा टाकला. चूक तिथे झाली. त्या शोधात काही छोट्या उत्पादकांचे रिकॉल येत नाहीत, हे तिथेच लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण? शिवाय गाडीचा रिकॉल वेगळा आणि गाडीत बसवलेल्या वस्तूचा वेगळा. एनएचटीएसएच्या रिकॉल क्रमांकात वर्षाच्या दोन आकड्यांनंतर इंग्रजी 'व्ही' असेल तर तो वाहनाचा, 'ई' असेल तर उपकरणाचा. एकाच कारखान्याची शेगडी पाचपन्नास मॉडेलच्या ट्रेलरांत बसलेली असते. कधी ट्रेलर कंपनी रिकॉल जाहीर करते, कधी शेगडीवाली, कधी दोघी. म्हणून तीनदा शोधा: व्हिनने, ट्रेलरचं वर्ष आणि मॉडेल टाकून, आणि उपकरणांच्या शोधात शेगडीचा ब्रँड टाकून. ब्रँडवर मिळालेल्या रिकॉलमध्ये तुमची शेगडी बसते की नाही, हे ठरायचं मॉडेल नंबर आणि तारखांवर. ते कुठून आणणार? लेबलवरून. फोटो काढलात ना?

(घरातल्या शेगडीसाठी हे खातं नव्हे, तिथे सीपीएससी, म्हणजे ग्राहकवस्तूंच्या सुरक्षेचं खातं. कॅनडात गाडी असेल तर ट्रान्सपोर्ट कॅनडा.)

पत्र येईल म्हणून वाट बघू नका. कंपनीने एनएचटीएसएला कळवल्यापासून साठ दिवसांत मालकांना पत्र धाडायचं असतं हे खरं, पण मालक म्हणजे त्यांच्या नोंदीतला मालक. आमचं पत्र बहुतेक आधीच्या गृहस्थांच्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडलं असेल. विकणाऱ्या डीलरने तपासलं असेल हेही मनातून काढा. रिकॉल बाकी असलेली जुनी गाडी विकायला केंद्रीय कायद्याची बंदी नाही. ट्रेलर कंपनीला आणि शेगडी कंपनीला, दोघींना, आपलं नाव-पत्ता कळवा. पहिलं पत्र कधी नुसतं "वापरू नका" एवढंच सांगतं आणि दुरुस्ती तयार झाली की दुसरं येतं. पहिलं कचऱ्यात टाकू नका.

रिकॉल निघाला की दुरुस्ती होईपर्यंत शेगडीचा ब्रेकर बंद, त्यावर चिकटपट्टी. दोष वायरिंगचा असेल तर "नुसत्या ज्वाळा लावू, हीटर नको" हेही नको, वायर तीच आहे. त्याच सॉकेटमध्ये सुटा हीटर लावणारे महाभाग असतात, तसं करू नका. उबेसाठी गाडीतली प्रोपेनची फर्नेस आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय ना, तेवढं बघा.

मग सेवाकेंद्राला फोन. वेळ घेतानाच रिकॉल क्रमांक, व्हिन आणि शेगडीचे मॉडेल-सिरियल नंबर सांगा, आणि "पार्ट आलाय का?" हे विचारा. "या, बघू" म्हणाले तर जाऊ नका. गाडी ओढत नेण्याचं पेट्रोल कुणी देत नाही. फिरता तंत्रज्ञ घरी येईल का, तेही विचारा. रिकॉलचं काम फुकट असतं, तपासणीचे पैसे मागितले तर थेट कंपनीला फोन करा. रिकॉलच्या आधी स्वतःच्या खर्चाने दुरुस्त केलं असेल तर काही अटींवर पैसे परत मिळू शकतात, पण पावती लागते. जळका प्लगही फेकू नका. नवरा फेकायला निघाला होता. रिकॉल सापडलाच नाही पण प्लग काळा आहे, तर एनएचटीएसएकडे तक्रार नोंदवा, तिथेही तेच फोटो लागतात.

जायच्या दिवशी फोटो फोनमध्ये आणि कागदावर, दोन्ही. सेवाकेंद्राच्या आवारात फोनला रेंज नव्हती.

काम झाल्यावर कागदावर रिकॉल क्रमांक लिहून घ्या. शेगडी बदलली असेल तर नवीचा लेबल-फोटो, भिंतीत बसवायच्या आधी, तंत्रज्ञाला "जरा थांबा" म्हणून. मग अर्धा तास चालवून प्लगजवळची भिंत हाताने बघा. स्मोक अलार्म दहा वर्षांपेक्षा जुना असेल तर बदला. आग विझवायचं नळकांडं दाराजवळ ठेवा. दर सहा महिन्यांनी परत शोध.

बाकी नेहमीचंच. सासूबाई ऑक्टोबरात येतायत, यंदा स्वतःची गोधडी आणतायत म्हणे.