मूल नेमकं कुठं अडतंय? वाचन शिकवायला लागलेल्यांसाठी

शिकवायला लागले तेव्हा मला दुसरीचा वर्ग मिळाला. त्यातला एक मुलगा धडे घडाघडा वाचायचा आणि मी निर्धास्त होते. एकदा सहज पानावरचं चित्र हाताने झाकलं आणि मधलीच ओळ वाचायला सांगितली, तर तो गप्प झाला. धडा त्याला पाठ होता. कधी ‘घर’ लिहिलेलं असताना ‘झोपडी’ म्हणायचा, आणि अर्थ जुळतोय म्हणून मीच ते चालवून घेतलं होतं. त्याचं अख्खं सत्र असं गेलं, हे आजही मनाला लागतं.

म्हणून नव्या शिक्षकांना पहिलं सांगणं हेच, की शब्द अडला तर ‘चित्र बघ, काय असेल?’ असं विचारू नका. ‘अक्षरं बघ, जोडून म्हण’ असं सांगा. संदर्भावरून अंदाज बांधत वाचणं ही चांगल्या वाचकाची नव्हे, अडखळणाऱ्या वाचकाची सवय आहे.

पुढे मला एक सूत्र सापडलं आणि डोक्यातला गोंधळ निवळला. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी ते १९८६ मध्ये मांडलं: वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. त्या मुलाची लिपीची बाजू कच्ची होती. त्याच वर्गातली एक मुलगी न अडखळता वाचायची, पण गोष्टीत काय घडलं ते तिला सांगता येत नसे. मी दोघांनाही एकच उपाय देत होते, ‘घरी आणखी वाचून ये.’

लिपीसाठी क्रम हवा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले. अक्षर-ध्वनीचं नातं जसं समोर येईल तसं सांगण्यापेक्षा ठरवलेल्या क्रमाने शिकवलेलं अधिक उपयोगी पडतं, असं त्यात दिसलं. मराठीत मी सगळी मुळाक्षरं संपायची वाट बघत नाही. म, क, र, ल आणि काना एवढं झालं की लगेच ‘काम’, ‘माल’, ‘कमाल’, ‘मला’. मग ‘लाकम’, ‘मराक’ असे निरर्थक शब्दही देते, कारण ते पाठ असण्याचा प्रश्नच नसतो.

आपल्या लिपीतल्या काही जागा मुलांना खरोखर छळतात. पहिली वेलांटी लिहिलेली अक्षराआधी दिसते, पण उच्चारात नंतर येते. ‘सूर्य’मधला र उच्चारात य च्या आधी, पण बसतो य च्या डोक्यावर. ‘चक्र’ आणि ‘ट्रक’मध्ये त्याच र चं रूप आणखी वेगळं. शिवाय ‘करवत’मधलं प्रत्येक अक्षर सुटं, पूर्ण म्हटलं की मुलाला तो ओळखीचा शब्द वाटतच नाही, ‘आता पटकन म्हण, असा शब्द ऐकलाय का?’ असं विचारावं लागतं. इथे घाई करू नका. जोडाक्षरांना तर महिने द्या.

ओघ यावा म्हणून तोच छोटा उतारा आधी मी वाचून दाखवते, मग मुलं जोडीने तीन-चारदा वाचतात. एकाने उभं राहून वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, यात बहुतेकांचा वेळ वाया जातो.

त्या मुलीची अडचण वेगळी होती. रेक्ट आणि लेस्ली यांच्या १९८८ च्या प्रयोगात बेसबॉलची माहिती असलेल्या कच्च्या वाचकांना बेसबॉलवरचा उतारा, ती माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा जास्त समजला. विषयाची ओळख एवढं काम करते! तेव्हापासून मी एकच विषय दोन आठवडे धरते, मुलांना स्वतः वाचता येणार नाही असा कठीण मजकूरही वाचून दाखवते आणि मध्येच थांबून विचारते, “‘त्याने’ म्हणजे कोणी?” या प्रश्नावर किती मुलं अडतात, ते करूनच पाहा.

अडचण कुठल्या बाजूला आहे हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. दहा निरर्थक शब्द आणि एक न पाहिलेला उतारा मुलाने वाचायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची. मग तेवढाच सोपा दुसरा उतारा मी वाचून दाखवून प्रश्न विचारते. ऐकून समजतं पण वाचून नाही, तर लिपीवर काम. ऐकूनही समजत नसेल तर भाषेवर आणि माहितीवर, पण आधी कान तपासून घ्यायचे. बाकीची मुलं जोडीने वाचत असताना रोज तिघांना जवळ बोलावते. तीस मुलांची फेरी दहा दिवसांत पूर्ण होते.