दोन पिढ्या, एक तक्ता: ज्येष्ठांच्या हृदयविकाराचा धोका घरी कसा मांडायचा

वडिलांना ऐंशीपर्यंत काही झालं नाही म्हणून मुलाने साठीत निर्धास्त राहावं, हा हिशोब बरेचदा फसतो. आज पंच्याऐंशीच्या आसपास असलेल्यांच्या तरुणपणी अनेक देशांत धूम्रपान सर्रास होतं, आणि कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं स्टॅटिन औषध १९८७ साली बाजारात आलं. आता साठीत असलेल्यांमध्ये सिगारेट कमी झाली, पण वजन आणि मधुमेह लवकर मागे लागले. त्यामुळे तक्त्यात ‘आजार आहे की नाही’ एवढंच नको. ‘कोणत्या वयापासून’ आणि ‘किती वर्षं’ हे दोन रकाने हवेतच. चाळिशीत सुरू झालेला मधुमेह आणि पंचाहत्तरीत सापडलेला मधुमेह यांचं वजन सारखं नसतं.

एका मोठ्या कागदावर आजी-आजोबा, आई-वडील, भावंडं आणि स्वतः अशा ओळी करा. प्रत्येकापुढे रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू (किती वर्षं, कधी सोडली), हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपास, पक्षाघात, आणि प्रत्येक गोष्ट घडली तेव्हाचं वय. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडले असतील तर त्यावर लाल खूण करा. आजोबांची नोंद ठेवा, पण तिला एवढं महत्त्व नाही. ‘वयोमानाने गेले’ हे उत्तर लिहू नका. शेवटी दम लागत होता का, पाय सुजत होते का, असं खोदून विचारा. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेली असेल तर ती नोंद वेगळी ठेवा, कारण तो रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आजार नव्हे.

बायकांच्या ओळीत हमखास एक जागा रिकामी राहते. गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का? पाळी चाळिशीच्या आत थांबली का? तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं असलं तरी लिहायचं. धोका तिथूनच वाढलेला असतो.

आता आजचे आकडे. रक्तदाबात सर्वांत जास्त चुका होतात. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवी करून यावं. पाठ टेकवून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. पट्टा उघड्या दंडावर आणि दंड हृदयाच्या पातळीवर. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच जास्त येतो. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, असं सात दिवस मोजा. पहिला दिवस वगळून सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर तो वाढलेला रक्तदाब धरतात. वयाबरोबर मोठ्या रक्तवाहिन्या ताठर होतात, म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. १६०/७० पाहून ‘खालचा तर छान आहे’ म्हणणं चूकच.

सत्तरीपुढे आणखी एक मोजणी करा: बसून मोजल्यावर उभं राहून एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर डॉक्टरांना सांगा, कारण अशा वेळी गोळ्या वाढवल्या की माणूस पडतो. उभं राहताना शेजारी कुणीतरी असू द्या. मनगटावरची नाडीही पूर्ण साठ सेकंद मोजा. ठोके सतत अनियमित वाटले तर ईसीजी काढायला हवा. या अनियमिततेचा एक प्रकार पक्षाघाताला कारण ठरतो.

रक्ततपासणीत लिपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ही तपासणी बहुतेकांनी कधीच केलेली नसते. ते मुख्यतः आनुवंशिक असतं, आयुष्यात फारसं बदलत नाही, म्हणून एकदा तपासलं की पुरतं. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं तर मुलांनाही तपासायला सांगा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९० किंवा वर असेल तरी तसंच.

धोका मोजणाऱ्या गणकयंत्रांची वयोमर्यादा आधी बघा. युरोपातलं स्कोअर-२ चाळीस ते एकोणसत्तरसाठी आहे, सत्तरीपुढे त्याचंच वेगळं रूप वापरतात. ऐंशीच्या माणसाला साठीचं गणित लावलं की उत्तर भलतंच येतं.

तक्ता डॉक्टरांकडे नेताना सगळ्या गोळ्यांची यादी जोडा, दुकानातून स्वतः आणलेल्यांसकट. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी बीपी चढतो आणि पाणी साठतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत पुष्कळ सोडियम असतं, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. आणि यादीत खूप गोळ्या दिसल्या म्हणून स्वतःहून एकही बंद करू नका.

तक्त्याच्या मागे मोठ्या अक्षरांत हेही लिहा: उतारवयात हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. अचानक दम लागणं, घाम, कमालीचा थकवा, गोंधळल्यासारखं बोलणं, यांपैकी काही दिसलं तर बीपी मोजत बसू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.