मोहाच्या भट्टीची जुनी वही कशी वाचायची

गोंदिया, गडचिरोली, यवतमाळकडच्या जुन्या वाड्यांत, मालगुजारांच्या (गावाचा सारा भरणाऱ्या जमीनमालकांच्या) किंवा कलार (परंपरेने दारू गाळणाऱ्या) कुटुंबांच्या पेट्यांत, दारूच्या ठेक्याची कागदं अजून निघतात: लिलावाच्या पावत्या, मोहफुलांच्या खरेदीच्या वह्या, दुकानाचा रोजचा हिशेब. ही कागदं हाती आली की लोक आधी "किती गाळली?" हा आकडा शोधतात. त्याआधी कर कशावर बसत होता ते पाहा. आबकारीचा, म्हणजे दारूवरच्या सरकारी कराचा, कागद करासाठी लिहिलेला असतो. ज्यावर कर नव्हता, ते लिहायची गरज कोणाला पडली नाही.

गावभट्टीच्या पद्धतीत भट्टी चालवायचा हक्कच लिलावात जायचा. ठेकेदार ठरलेली रक्कम भरायचा आणि मग हवी तेवढी गाळायचा. अशा कागदात गॅलन सापडणारच नाहीत, आणि लिलावाचा आकडा वाढला म्हणजे गाव जास्त प्यायला लागलं असंही नाही; दोन ठेकेदारांची चुरस लागली तरी बोली चढते. सदर डिस्टिलरीत (सरकारी देखरेखीखालच्या मध्यवर्ती भट्टीत), आणि 20व्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या कंत्राटी पुरवठ्यात, कर गॅलनवर होता. तिथे माप आणि कडकपणा दोन्ही नोंदलेले मिळतात. तेव्हा वहीच्या पहिल्या फोटोवरच लिहून ठेवा: लिलाव, की गॅलनवर कर.

दुसरं, जिल्हा. वऱ्हाड 1853 ते 1903 हैदराबादच्या रेसिडेंटच्या कारभाराखाली होतं आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आधीपासूनच मध्य प्रांतात. म्हणून नागपूरच्या पुराभिलेखागारात किंवा कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना जिल्ह्याचं त्या काळातलं नाव टाका. गडचिरोली 1982 पर्यंत चांद्यात होतं, गोंदिया 1999 पर्यंत भंडाऱ्यात. यवतमाळ 1905 पर्यंत वून जिल्हा म्हणून नोंदलेलं आहे, आणि वाशीम तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. नव्या नावाने अर्ज केला की "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं उत्तर येतं आणि माणूस उगाच नाद सोडतो. मोहाच्या झाडांवर कोणाचा हक्क होता हे पूर्वेकडच्या जिल्ह्यांत गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावातल्या हक्क-रिवाजांच्या नोंदीत, पाहा. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून, तिथे मालगुजाराच्या नावाने शोधण्यात अर्थ नाही.

वही उघडण्याआधी हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पान थुंकी लावून उलटू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. फोटो खिडकीजवळ, उजेड एका बाजूने तिरपा पडेल असा घ्या. दाबून लिहिलेलं पण उडून गेलेलं अक्षर त्यात उठून दिसतं. जुनी लोहयुक्त शाई फिकट तपकिरी झाली असेल तर फोटो एडिटरमध्ये फक्त निळा चॅनल ठेवून कृष्णधवल करा, बरंच वाचता येतं. फोटोत पट्टी आणि पानाचा क्रमांक असलाच पाहिजे.

आता आकडे. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. मोडीत आणि जुन्या देवनागरीत अंकापुढच्या उभ्या रेघा म्हणजे अपूर्णांक: "५।" सव्वापाच, "५॥" साडेपाच, "५॥।" पावणेसहा. नवीन वाचणारा त्याला 51 नाहीतर 511 वाचतो, किंवा वाक्य संपल्याची खूण समजून सोडून देतो. हीच रेघ रुपयापुढे असेल तर चार आणे, मणापुढे असेल तर दहा शेर. म्हणून रकान्याचं शीर्षक वाचल्याशिवाय बेरीज करू नका. बेरीज करताना 12 पै म्हणजे आणा आणि 16 आणे म्हणजे रुपया. पानाखालची लेखकाची बेरीज आणि तुमची बेरीज जुळली तरच वाचन बरोबर.

पक्का मण 40 शेरांचा, शेर 80 तोळ्यांचा. म्हणजे मण 37.32 किलो आणि शेर 933 ग्रॅम. कच्चा मण, पायली, कुडव आणि खंडी यांना मात्र हा हिशेब लावू नका, ती मापं गावागणिक बदलतात. त्याच वहीत एकच माल दोन्ही मापांत लिहिलेली एखादी ओळ शोधा आणि त्यावरून गुणोत्तर काढा. फुलं ओली की सुकी हेही बघा: ओला मोह वाळला की वजनाचा चौथा-तिसरा हिस्साच उरतो. फाल्गुन-चैत्रातली स्वस्त खरेदी बहुधा ओल्याची, पावसाळ्यातली महाग खरेदी सुक्याची.

गॅलन इंपीरियल, 4.546 लिटरचा. कडकपणा "लंडन प्रूफ"वर मोजलेला, आणि प्रूफ म्हणजे 57.1 टक्के मद्यार्क. "60 यू. पी." (अंडर प्रूफ) याचा अर्थ 60 टक्के कडक असा नाही. प्रूफच्या 60 अंश खाली, म्हणजे 40 टक्के प्रूफ, म्हणजे 22.8 टक्के मद्यार्क. 25 यू. पी. म्हणजे 42.8 टक्के, आजच्या विलायती बाटलीच्या लेबलावर हाच आकडा छापलेला असतो. उदाहरण घ्या. 12 गॅलन, 60 यू. पी.: 12 × 0.40 = 4.8 प्रूफ गॅलन, म्हणजे 21.8 लिटर प्रूफ, त्यात शुद्ध मद्यार्क 12.5 लिटर. कर बहुतेक प्रूफ गॅलनवर आणि विक्री साध्या गॅलनवर. एका वहीत दोन्ही रकाने असले आणि तुम्ही ते एकत्र केले की सगळं वर्ष बिघडतं.

साइक्सच्या पितळी हायड्रोमीटरचे (दारूचा कडकपणा मोजायच्या तरंगत्या मापकाचे) आकडे दिसले तर लक्षात ठेवा, ते उलटे चालतात. शून्याकडे कडक, 100 म्हणजे नुसतं पाणी. शेजारचा अंक बहुधा फॅरेनहाइट तापमानाचा असतो, त्याशिवाय तो आकडा वापरता येत नाही.

यानंतर एक तपासणी, जी टाळू नये. सुक्या मोहात साधारण निम्मी साखर धरा. एका मणात 18.7 किलो साखर, आणि साखरेच्या वजनाच्या 51 टक्क्यांहून जास्त मद्यार्क होऊच शकत नाही: 9.5 किलो, म्हणजे 12.1 लिटर, म्हणजे जवळपास 4.7 प्रूफ गॅलन. फुलं फार गोड, 60 टक्के साखरेची धरली तरी साडेपाच-पावणेसहा. प्रत्यक्ष भट्टीत याहून कमीच उतरतं, कारण सडवा (आंबायला ठेवलेला मोह) आंबट होतो आणि वाफही गळते. तुमच्या वाचनात मणाला आठ गॅलन निघाले तर "५॥" चुकलं असेल, साधे गॅलन प्रूफ धरले असतील, नाहीतर मोहाबरोबर गूळही घातला असेल. गुळाची खरेदी त्याच महिन्यात कुठे दिसते का ते बघा. उलट उतारा फारच कमी दिसला तर ओल्या फुलांचं वजन सुकं समजलं गेलंय, किंवा विकलेली सगळी दारू वहीत आलेली नाही. यातलं दुसरं कारण बऱ्याचदा खरं असतं.

साल ठरवताना फसलीत (महसुली सनात) 590 मिळवा: फसली 1310 म्हणजे 1900-01. शकात 78 मिळवा, संवतातून 57 वजा करा. संवत 1956च्या दुष्काळाच्या आसपास विक्री कोसळलेली दिसली तर ती वाचनातली चूक समजून "दुरुस्त" करू नका. मोह हे पोटाचंही अन्न आहे. दुष्काळात फुलं भट्टीत न जाता चुलीवर जातात.

एक्सेलमध्ये मूळ नोंद जशीच्या तशी, रेघांसकट, एका रकान्यात ठेवा आणि रूपांतर शेजारी. मूळ रकान्याला पुन्हा हात लावायचा नाही. ताळा घ्यायला भंडारा (1908), यवतमाळ (1908) किंवा चांदा (1909) गॅझेटियरमधला आबकारीचा भाग काढा. तिथले आकडे जिल्ह्याचे आहेत, तुमचं गाव त्यात नसेल, पण पद्धत कोणती होती ते कळतं.

वहीवरून प्रयोग करून बघायची हौस आवरा. परवान्याशिवाय गाळणं 1949च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि वर्धा व गडचिरोली तर दारूबंदीचेच जिल्हे. खटल्यांच्या कागदांत पकडलेल्यांची नावं आणि जाती असतात. त्यांची नातवंडं त्याच गावात राहतात, तेव्हा पानं ऑनलाइन टाकण्याआधी ती नावं झाका.