पिकं पाच, तरी कोठी रिकामी? या चुका टाळा

शेतात पाच पिकं उभी असली आणि पाचही एकाच महिन्यात काढणीला आली, तर कोठी एकदमच भरते आणि एकदमच रिकामी होते. पीकविविधतेचा सल्ला देताना सर्वांत जास्त चुकतं ते इथेच. बियाणं वाटण्याआधी शेतकरी कुटुंबासोबत बसून बारा महिन्यांचा तक्ता मांडा: कधी काय हाती येतं, धान्य कधी संपतं. कोरा राहिलेला महिना भरून काढणारं पीक निवडा. ६०-७० दिवसांत येणारी चवळी किंवा लागतील तशी खणता येणारी रताळी अशा वेळी उपयोगी पडतात. स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय निवड पक्की करू नका. जे शिजायला जड, ते पुढच्या वर्षी कुणी पेरत नाही.

वाणांची नावं वेगळी म्हणजे वाणही वेगळे, असं नसतं. १९७० साली अमेरिकेत मक्याचे संकरित वाण नावाने पुष्कळ होते, पण बहुतेकांच्या पेशीद्रव्याचं (पेशीत केंद्रकाभोवती असलेल्या द्रवाचं) मूळ एकच होतं. करप्याची साथ आली आणि देशातला सुमारे १५ टक्के मका गेला. म्हणून रोगाला दाद न देणं, पाण्याचा ताण सोसणं आणि पक्व व्हायला लागणारे दिवस, या तिन्हींतला फरक पाहा.

आंतरपिकात दोन्ही पिकांचं पूर्ण बियाणं पेरलं की दोन्ही खुरटतात. ज्वारी-तुरीची जोडी जमते, कारण तूर सुरुवातीला सावकाश वाढते आणि ज्वारी निघाल्यावर पसरते. तूर पिवळी पडली तर फुलोऱ्याआधी एक रोप हलक्या हाताने खणून मुळावरची गाठ कापा. आत गुलाबी असेल तर हवेतला नत्र बांधला जातोय. पांढरी किंवा हिरवट असेल तर बहुधा नत्रखत जास्त झालंय किंवा योग्य जिवाणू जमिनीत नाहीत. पुढच्या पेरणीला बियाण्याला रायझोबियम (हेच गाठी करणारे जिवाणू) चोळून सावलीत सुकवा.

घरचं बियाणं राखताना ढिगातलं मोठं कणीस उचलू नका. बांधाकडच्या ताटाला जागा आणि ऊन जास्त मिळतं, म्हणून ते कणीस मोठं दिसतं. शेताच्या मधल्या भागातली, दाटीतही जोमदार राहिलेली ताटं उभ्या पिकातच खूण करून ठेवा. मक्याची किमान १०० ताटं हवीत. मोजक्या कणसांवर पिढ्या काढल्या की वाण कमजोर होतो. दुसऱ्या वाणाचा मका २०० मीटर लांब हवा, नाहीतर पेरणीत ३-४ आठवड्यांचं अंतर ठेवा. संकरित वाणाचं बियाणं राखू नका, पुढची पिढी एकसारखी येत नाही.

साठवण्याआधी कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ हलवा. मीठ काचेला चिकटलं तर दाणे अजून ओले आहेत, पुन्हा वाळवा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या फडक्यात सात दिवस ठेवा. ८० पेक्षा कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा, ५० च्या खाली गेले तर बदला.