मागचा कॅलिपर गळतोय? नुसतं सील बदलू नका

हँडब्रेकची यंत्रणा ज्याच्या पोटात असते, अशा मागच्या कॅलिपरबद्दल हे (कॅलिपर म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग). आधी गळती कुठली ते ठरवा. पिस्टनवरच्या रबरी डस्ट कव्हरखालून ब्रेक ऑइल येत असेल तर सील किटने भागतं. हँडब्रेकच्या लिव्हरच्या मुळाशी ओल असेल तर शाफ्टचं सील गेलंय. ते किटमध्ये नसेल तर किटवर पैसे घालू नका, कॅलिपरच बदला.

गाडी स्टँडवर घ्या, पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावा, हँडब्रेक सोडा. हवा काढायचं निपल आणि ब्रेक ऑइलच्या होजचा बोल्ट कॅलिपर जागेवर असतानाच सैल करा, नंतर हातात धरून सुटत नाहीत. पिस्टन फिरवून बाहेर येतो, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या उलट. आटा सुटल्यावरही अडला तर समोर लाकडी ठोकळा धरून होजच्या भोकातून थोडी हवा मारा. बोटं लांब!

आता खरं काम. पॉलिश पेपर घेऊन सिलिंडर घासत बसणारे पुष्कळ. व्यर्थ आहे. इथे सील सिलिंडरच्या खाचेत बसतं आणि पिस्टनवर घासतं, म्हणजे तेल अडतं ते पिस्टनच्या पृष्ठभागावर आणि त्या खाचेत. जुनं सील बांबूच्या काडीने काढा. स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडा खाचेत पडला की नवं सीलही गळणार. खाचेच्या तळाशी गंज किंवा पांढरी भुकटी धरलेली असते. ती राहिली तर सील वर उचललं जातं, पिस्टन जाम होतो. नायलॉन ब्रश, ब्रेक क्लीनर, आणि कोपरे स्वच्छ होईपर्यंत चिकाटी. पेट्रोल-डिझेल नको, रबर फुगतं.

पिस्टनवरून नख फिरवा. सीलच्या पट्ट्यात खड्डा लागला तर नवा पिस्टन. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर तासून आणू म्हणाल, तर व्यास कमी होतो आणि सील सैल पडतं.

डस्ट कव्हर आधी पिस्टनच्या मागच्या टोकावर चढवा, त्याची बाहेरची कड कॅलिपरच्या खाचेत गोल बसवा, मगच पिस्टन आत ढकला. उलट क्रमाने केलंत तर तासभर झगडाल. सीलला ताजं ब्रेक ऑइल, कव्हरला रबर ग्रीस. साधं ग्रीस अजिबात नाही. कड एका जागी जरी दुमडली तरी गगनबावड्याचा एक पावसाळा पिस्टन गंजवायला पुरतो.

पिस्टन दाबत फिरवून आत न्या, त्याची खाच पॅडच्या पिनेसमोर आणा. होजला दोन्ही तांब्याचे वॉशर नवे. तेल प्यालेले पॅड भाजून वापरू नका, दोन्ही चाकांचे बदला. सीलबंद डब्यातलं, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल भरा, हवा काढा. पेडल टणक झाल्यावरच हँडब्रेकची केबल.

मग पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला सांगा आणि कॅलिपरखाली कोरा कागद धरा. त्यावर एक थेंब जरी पडला तरी गाडी करूळ घाटात न्यायची नाही.