रातच्या खोकल्यासाठी सुंठ-गुळाच्या गोळ्या

थंडीत खोकला उसळतो तो नेमका रात्री, आणि तेव्हा काढा उकळायला कोणी उठत नाही. त्यापेक्षा दिवाळीनंतर एकदाच या गोळ्या करून ठेवा.

१. वाटीभर गूळ बारीक चिरून गंजात चमचाभर तुपावर मंद आचेवर फक्त वितळू द्या. पाक होऊ देऊ नका, नाहीतर गोळी दाताने फुटत नाही. कडेला बुडबुडे दिसले की गंज उतरवायचा.

२. त्यात दोन चमचे सुंठपूड, एक चमचा हळद, अर्धा चमचा मिरपूड. घरची सुंठ कुटलेली असेल तर ती चाळूनच घाला, तिचे धागे घशाला टोचतात.

३. कोमट असतानाच हाताला तूप लावून बोराएवढ्या गोळ्या वळा, सुंठपुडीत घोळवा आणि कोरड्या डब्यात भरा.

रात्री एक गोळी तोंडात धरून चघळा, किंवा कपभर गरम पाण्यात विरघळवून घोटघोट प्या. उकळत्या दुधात मात्र टाकू नका, गुळाने दूध फाटू शकतं. लाईट रात्रीची असली की गव्हा-हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात जावंच लागतं. जाणाऱ्याच्या खिशात दोन-चार गोळ्या आणि सोबत थर्मासात गरम पाणी आठवणीनं द्या. ओल्या पायांनी बांधावर उभं असताना हा गरम घोट फार कामाचा.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर गोळ्यांवर राहू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, ती करून घ्या.