'नाइन्टीन एटी-फोर'मधली प्रतीकं आणि उपरोध: उत्तर कसं तयार करायचं

एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ज्या नोट्स मिळतात, त्यात जॉर्ज ऑर्वेलच्या या कादंबरीची प्रतीकं एका पानात आटोपलेली असतात. पेपरवेट म्हणजे भूतकाळ, उंदीर म्हणजे भीती, टेलिस्क्रीन (घराघरातला, बघणारा-ऐकणारा पडदा) म्हणजे पाळत. पाठ करायला सोपं, त्यामुळे साताऱ्यापासून मिरजेपर्यंत पेपरांच्या गठ्ठ्यात तेच ते येत राहतं. त्यातलं काहीच चूक नाही, पण कादंबरी वाचल्याचा पुरावाही त्यात नाही, आणि गुण अडतात ते तिथंच.

ऑर्वेलच्या वस्तूंना कायमचा असा एक अर्थ नसतो. नायक विन्स्टन एखाद्या वस्तूला अर्थ देतो आणि पुढे सर्वसत्ताधारी पक्ष तोच अर्थ त्याच्यावर उलटवतो. तेव्हा प्रतीकांचं उत्तर वेगळं आणि उपरोधाचं (आयरनीचं) वेगळं, अशी तयारी केली की कष्ट दुप्पट होतात आणि हाती अर्धंच लागतं.

पुस्तक आणि वही

मूळ इंग्रजी प्रतच घ्या. ऑर्वेल २१ जानेवारी १९५० रोजी वारला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे २०११ पासून ही कादंबरी भारतात मुक्त आहे. मोबाइलवर उतरवून वाचली तरी त्यात बेकायदा काही नाही. स्वस्तातली छापील प्रत घेताना शेवटचं पान उलटून बघा: न्यूस्पीक या पक्षानं घडवलेल्या भाषेवरचं परिशिष्ट त्यात असलंच पाहिजे. ते गाळलं असेल तर प्रत परत करा.

कादंबरीचे तीन भाग आहेत आणि त्यात अनुक्रमे ८, १० आणि ६ प्रकरणं आहेत. प्रत्येक छापात पानांचे आकडे बदलतात, म्हणून टिपणात पान न लिहिता भाग आणि प्रकरण लिहायचं: १.८ म्हणजे पहिला भाग, आठवं प्रकरण. पुढे इथंही तीच पद्धत वापरली आहे.

पहिलं वाचन पेन्सिल न घेता, सरळ गोष्ट म्हणून करा. कोरेगाव किंवा तासगावहून रोज ये-जा असेल तर एसटीतलं वाचनही पुरतं. २.९ मध्ये पक्षाचा शत्रू म्हणवल्या जाणाऱ्या गोल्डस्टीनच्या ग्रंथाची लांबलचक पानं येतात. पहिल्या वेळी ती चाळली तरी चालतं, कारण बरेच जण तिथंच पुस्तक मिटतात आणि मग तिसरा भाग नोट्सवरच भागवतात.

दुसऱ्या वाचनाला फुलस्केप वही घ्या. एका वस्तूला एक पान, आणि पानावर चार रकाने: कुठं येते, कोणाच्या हातून येते, तेव्हा विन्स्टनला काय वाटतं, आणि पुढे काय निघतं. चौथा रकाना पुस्तक संपेपर्यंत कोराच ठेवायचा. पाच-सहा वस्तूंच्या पुढे जाऊ नका. पेपरवेट, डायरी, चर्चचं चित्र आणि त्यासोबतचं गाणं, चॉकलेट, उंदीर, आणि 'अंधार नसलेली जागा' एवढ्यावर कुठलाही प्रश्न निभावतो.

पेपरवेटचं पान भरून पाहू

१.८ मध्ये विन्स्टन चॅरिंग्टनच्या जुन्या सामानाच्या दुकानातून पेपरवेट चार डॉलरना घेतो. काचेचा घुमट, आत गुलाबी पोवळं. ते हिंदी महासागरातलं असावं, असं म्हातारा सांगतो. विन्स्टनला आवडतं ते त्याचं निरुपयोगीपण. २.४ मध्ये तो प्रेयसी ज्यूलियाला सांगतो की पक्ष बदलायला विसरला असा हा इतिहासाचा तुकडा आहे, आणि त्याच प्रकरणाच्या शेवटी त्याला वाटतं की दुकानावरची, दोघं भेटतात ती ही खोली म्हणजेच पेपरवेट आणि आतलं पोवळं म्हणजे आपल्या दोघांचं आयुष्य. इथं अर्थ बदलला. आधी वस्तूत इतिहास होता, आता हे दोघं आहेत. २.७ मध्ये विन्स्टनला पडलेलं आईचं स्वप्नही त्या काचेच्या आतच घडतं.

२.१० मध्ये धाड पडते आणि कोणीतरी तो शेगडीच्या दगडावर आपटतो. पोवळ्याचा कण चटईवर घरंगळतो आणि विन्स्टनच्या मनात येतं की हे किती लहान होतं, पहिल्यापासूनच लहान होतं. बहुतेकांचं टिपण इथं थांबतं. त्यापुढच्या काही ओळी जास्त महत्त्वाच्या आहेत. चॅरिंग्टन आत येतो. पांढरे केस गेलेले, पाठीचा बाक गेलेला, वय पस्तिशीचं, आणि तो हुकूम सोडतो की ते तुकडे उचला. ज्यानं विकलं तोच थॉट पोलीस, म्हणजे विचारांवर पाळत ठेवणारा पक्षाचा माणूस. म्हणजे पक्ष हा तुकडा विसरलाच नव्हता, त्यानंच तो काउंटरवर ठेवला होता. तुमच्या पानावरचा दुसरा रकाना चौथ्याला जाऊन भिडला की उपरोध मिळाला असं समजा.

डायरीचं पान याच रीतीनं भरा. तीही त्याच दुकानातली. १.२ मध्ये विन्स्टन तिच्या कव्हरवर पांढऱ्या धुळीचा एक कण मुद्दाम ठेवतो, कोणी हात लावला तर कळावं म्हणून. ३.४ मध्ये कळतं की थॉट पोलिसांनी तो कणसुद्धा जागच्या जागी ठेवला होता. गाइडांमध्ये हा तपशील क्वचित सापडतो, म्हणून उत्तरात तो उठून दिसतो.

गाण्याच्या पानावर कोणती ओळ कोण देतं एवढंच लिहा. चॅरिंग्टन सुरुवात देतो, ज्यूलिया मधल्या ओळी देते, २.८ मध्ये ओब्रायन (पक्षाचा बडा अधिकारी, ज्याला विन्स्टन बंडखोर समजतो) कडवं पुरं करतो. तिघांपैकी दोघे पक्षाचे हस्तक. शेवटी मान उडवणारा कुऱ्हाडवाला येतो, आणि तो शेवट चॅरिंग्टननं १.८ मध्येच म्हणून दाखवलेला असतो. विन्स्टनला मधलं कडवं हवं असतं, शेवटाकडे तो लक्षच देत नाही.

उपरोध ओळखायची कसोटी

'आयरॉनिकली' हा शब्द वाक्याच्या तोंडाला लावला म्हणजे उपरोध सिद्ध झाला, असा एक समज आहे. विन्स्टन आणि ज्यूलिया शेवटी एकमेकांपासून दुरावतात, हे दुःखद आहे. नुसत्या दुरावण्यात उपरोध नाही. दोन वाक्यं लिहून बघा: पात्रानं काय म्हटलं किंवा मानलं, आणि प्रत्यक्षात काय झालं. दुसरं वाक्य पहिल्याच्या पोटातून निघत असेल तरच पुढे जा.

विन्स्टनचा शेजारी पार्सन्स घ्या. १.५ मध्ये तो कँटीनमध्ये कौतुकानं सांगतो की मुलांना कुलपाच्या भोकातून ऐकायची कर्णनळी मिळाली आणि पोरीनं ती घरातल्याच दारावर वापरून पाहिली. ३.१ मध्ये तो कोठडीत येतो. झोपेत बिग ब्रदरविरुद्ध (पक्षाच्या सर्वोच्च नेत्याविरुद्ध) बरळला, सात वर्षांच्या मुलीनं भोकातून ऐकलं आणि कळवलं. त्यावरही त्याला तिचा अभिमानच वाटतो. नळीचं कौतुक आणि नळीनं झालेला घात: दोन्ही वाक्यं जुळली.

चॉकलेट याहून सरस, कारण त्यात विन्स्टन स्वतः सापडतो. १.२ मध्ये जाहीर होतं की रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येणार. १.४ मध्ये, रेशन कमी करणार नाही हे फेब्रुवारीतलं सरकारी आश्वासन खोडून त्याजागी एप्रिलमध्ये कपात करावी लागेल असा इशारा घालायचं काम विन्स्टनकडे येतं आणि तो ते नीट पार पाडतो. १.५ मध्ये टेलिस्क्रीन सांगतो की रेशन वाढवून आठवड्याला २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मिरवणुका काढल्या. आजूबाजूचे हे कसे गिळतात, स्मरणशक्ती काय आपल्या एकट्यालाच उरली, असं विन्स्टनला वाटतं. खोट्याचा कागद मात्र त्यानंच तयार केला आहे. शिवाय १.४ मध्येच स्पष्ट म्हटलंय की त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद त्याच्या कामात आहे. विन्स्टनला निव्वळ बळी म्हणून रंगवणारी उत्तरं या वाक्यावर आपटतात. ओब्रायनच्या घरी घेतलेली शपथही अशीच (२.८): गरज पडली तर मुलाच्या तोंडावर ॲसिड फेकू, असं तो कबूल करतो. ३.३ मध्ये आपण पक्षापेक्षा नैतिकदृष्ट्या वरचढ आहोत असं तो म्हणतो, तेव्हा त्याला त्याच शपथेचं ध्वनिमुद्रण ऐकवलं जातं.

चार मंत्रालयांची नावं (छळ होतो ते 'मिनिस्ट्री ऑफ लव्ह') आणि पक्षाच्या तीन घोषणा हा शाब्दिक उपरोध. तो सगळेच लिहितात. दोन ओळी द्या आणि पुढे जा.

नाट्यात्म उपरोधाबाबत (वाचकाला माहीत, पात्राला नाही) एक खड्डा आहे. 'वाचकाला सुरुवातीपासून माहीत असतं की चॅरिंग्टन पोलीस आहे' असं लिहिलं की परीक्षक थांबतो. निवेदन तृतीयपुरुषी असलं तरी विन्स्टनच्या खांद्यावरूनच दिसतं. त्याला ठाऊक नसलेलं पहिल्या वाचनात आपल्यालाही ठाऊक नसतं. इथला नाट्यात्म उपरोध दुसऱ्या वाचनात तयार होतो आणि उत्तरात तसंच म्हणावं. उदाहरण द्यायचं तर २.१० पुरतं. आपण मेलेले आहोत, असं विन्स्टन म्हणतो, ज्यूलिया तेच म्हणते, आणि मग चर्चच्या चित्रामागे दडवलेल्या टेलिस्क्रीनमधून आवाज येतो की तुम्ही मेलेले आहात. त्याच खोलीत, त्याच चित्रासमोर २.४ मध्ये विन्स्टननं उंदरांची भीती बोलून दाखवलेली असते. छळाच्या खोली क्रमांक १०१ मधला उंदरांचा पिंजरा कुठून आला याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. तो अंदाज म्हणूनच लिहा, कारण कादंबरी तसं उघड सांगत नाही.

इथलं काय घालायचं, किती घालायचं

आपल्याकडची उदाहरणं प्रश्नात प्रस्तुतता विचारली असेल तरच. नाहीतर अर्धं पान आणीबाणीवर जातं आणि ऑर्वेल बाजूलाच राहतो.

सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याकडे दोन पक्की उदाहरणं घरचीच आहेत. आशा असलीच तर ती प्रोल्समध्ये (पक्षाबाहेरच्या कष्टकरी जनतेत) आहे, असं विन्स्टन १.७ मध्ये लिहितो, पण कादंबरीभर प्रोल्स उठत नाहीत. कादंबरी लिहिली गेली त्याच दशकात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, गावोगाव न्यायनिवाडे करत राहिलं आणि कुंडल त्याचं मोठं केंद्र झालं. विरोधाभास दाखवायला एक वाक्य बास. दुसरं उदाहरण कराडचं. डिसेंबर १९७५, आणीबाणी चालू, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या मांडवात दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. हे उदाहरण 'आपल्याकडेही ओशनिया (कादंबरीतला देश) होतं' म्हणून वापरलं तर फसतं. ओशनियात असा मांडव, असा अध्यक्ष आणि ऐकणारी गर्दी शक्यच नाही. संपूर्ण नियंत्रण आणि कठोर पण अपुरं नियंत्रण यातला फरक दाखवायला मात्र ते चोख बसतं.

कागदावर

दहा-बारा गुणांच्या उत्तराला ४०० शब्दांच्या आसपास धरा. मध्यम अक्षरात ती अडीच ते तीन पानं होतात. दोन वस्तू आणि एक प्रसंग निवडा. कथानक सांगू नका. विन्स्टन कोण हे परीक्षकाला माहीत आहे. एका परिच्छेदात चार गोष्टी याच क्रमानं याव्यात: वस्तू पहिल्यांदा कुठं आली, विन्स्टननं तिला काय मानलं, ती कुठं उलटली, आणि त्या उलटण्यातून सत्तेबद्दल काय कळतं. नमुना असा:

"सात वर्षांपूर्वीच्या स्वप्नात विन्स्टननं ओब्रायनचा आवाज ऐकला होता की आपण अंधार नसलेल्या जागी भेटू (१.२). ती जागा म्हणजे कधीतरी येणारा मुक्त काळ, असं तो धरून चालतो. ३.१ मध्ये मिनिस्ट्री ऑफ लव्हच्या पांढऱ्या कोठडीत दिवे कधीच विझत नाहीत हे लक्षात येतं आणि वाक्याचा खरा अर्थ त्याला कळतो. ओब्रायन तिथं भेटतोही, पण छळ करणारा म्हणून. प्रकाश हे ज्ञानाचं जुनं प्रतीक पक्षानं नाकारलेलं नाही, ताब्यात घेतलं आहे."

याच भेटीत विन्स्टन ओरडतो की तुम्हालाही पकडलं, आणि ओब्रायन उत्तरतो की मला केव्हाच पकडलं. तिथं निवेदनात ऑर्वेलनं 'आयरनी' हाच शब्द वापरला आहे. हे वाक्य मुळातून पाठ करा.

अवतरणं आठ-दहाच पाठ करा, पण तोंडपाठ. अर्धवट आठवत असेल तर अवतरणचिन्हं न घालता आशय लिहा. ३.६ मध्ये विन्स्टन टेबलावरच्या धुळीत काढतो ते '२ + २ = ५' हे समीकरण (पक्षाचं म्हणणं मानल्याची खूण) आपल्या प्रतीत तपासून घ्या. काही छापांत बरोबरच्या चिन्हापुढचा ५ गळालेला आहे, आणि त्या रिकाम्या जागेवर 'विन्स्टन अजून शरण गेलेला नाही' असे इमले उभे केलेले आढळतात.

वेळ उरलाच तर तीन ओळी परिशिष्टावर. ते भूतकाळात लिहिलेलं आहे, जणू न्यूस्पीक आणि ती राजवट मागे पडली आहे. त्यावरून काही समीक्षक पक्षाचा पुढे अंत झाला असं मानतात. ३.६ च्या शेवटच्या वाक्यात विन्स्टनला बिग ब्रदरवर प्रेम जडलेलं असतं आणि लगेच पान उलटल्यावर हा कोरडा भूतकाळ येतो, एवढा संबंध दाखवा. राजवट कोसळली असं ठामपणे मात्र लिहू नका. त्याच परिशिष्टात न्यूस्पीक पूर्णपणे लागू करायची मुदत २०५० दिली आहे, आणि तिचं पुढे काय झालं ते कुठंच सांगितलेलं नाही.